शेवंतीले ताण

लेकीच्या बाळंतपणासाठी मी सव्वा महिना अकोल्याले राहिली, अन् अमरावतीची माही बाग आमच्या बुढ्याच्या, म्हंजे नवऱ्याच्या, हवाली केली. हेच चुकलं माहं.

दसरा झाल्यावर वापस आली. फाटकावरची बोगनवेल फुलाईनं लदलदली होती, पान दिसत नोयतं. अन् खाली माही पिवळी शेवंती पार वाळून गेलती.

"पाणी नाई देल्लं काय?"

"ताण देल्ला," बुढा ऐटीत म्हणे. "मोर्शीले चाळीस वर्सं संत्र्याले दिऊन राह्यलो. पाणी तोडलं, मंग सोडलं, का बहार फुटते. बोगनवेल पाह्य ना!"

"शेवंती काय संत्रा होय? बाप्पा बाप्पा! कराले गेले गणपती अन् झाला मारोती!"

ते शेवंती माह्या मायच्या हातची होती. माय वैशाखात गेली. हिवरखेडले भावानं तिचं आंगण सिमेंटचं केलं. तिच्या हातचं माह्यापाशी एवढंच उरलं होतं. मी पायरीवर बसून रडली.

बुढ्याचं तोंड उतरलं. सकाळ-संध्याकाळ थेंब थेंब पाणी घाले, उनात आपला दुपट्टा त्या काड्याईवर धरे. कोजागिरीनंतर धुई पडाले लागली, झेंडू उतरला, छाटलेल्या गुलाबाले लाल पालवी आली. शेवंतीले काईच नाई. दिवाळी गेली. 'जेवा' याच्यापलीकडं मी त्याईच्याशी बोलली नाई.

एक दिवस बुढा पहाटेच एष्टीनं गेला. दिवेलागणीले आला तो डोक्यावर संत्र्याचं खोकं घिऊन. खोक्यात वल्या फडक्यात बांधलेले शेवंतीचे सात फुटवे, काईले फुलं सुदिक.

"हिवरखेडले गेल्तो," म्हणे. "तुह्या भावाकडं काई नोयतं. मंग म्हणलं, तुही माय कोणाले रिकाम्या हातानं वापस पाठवत नोयती. गल्लीत घरोघर इचारलं. भागीरथाबाई म्हणे, तिनंच देल्ली. असे सात घरं निंगाले. सातही जणीईनं एक-एक फुटवा काढून देल्ला."

मी फूल नाकाले लावलं. तोच वास. मले वाटे माय संपली, अन् ते अख्ख्या गल्लीत फुलून राह्यली होती. मी पुन्हा रडली, पण बुढ्याचा हात धरून.

सकाळी उठून पाह्यलं तं बुढ्यानं सात खड्डे केलते.

"थांबा," म्हणलं. "चारच लावा. तीन शेजारी दिऊन या."