सत्ताधारी आणि सत्तारूढ यांच्यामधली जागा

मी शब्दकोशाच्या कचेरीतलं एक कार्ड बोलतोय. तळहाताएवढा जाड कागद आणि वरच्या कोपऱ्यात शाईनं लिहिलेला एकच शब्द, सत्तापालट. घाबरू नका, मी कोणाचं सरकार पाडत नाही. पाडण्याला काय म्हणतात, तेवढं सांगतो.

मला बाईंनी लिहिलं, त्या इथे नव्यानं नोकरीला लागल्या तेव्हा. इथला नियम असा, की अर्थ कोणी मनानं लिहायचा नाही. लोकांनी तो शब्द वापरलेली निदान तीन वाक्यं हवीत, तारखेसकट. माझ्यासाठी बाईंनी महिनाभर जुनी वर्तमानपत्रं चाळली आणि मग लिहिलं, 'असलेले सरकार अचानक, बहुधा बळाच्या जोरावर, हटवून सत्ता हाती घेणे.' पुढे त्या मुख्य संपादक झाल्या, तरी माझ्या अंगावरचं अक्षर तेच राहिलं.

बंड, उठाव, उलथापालथ ही माझी भावंडं. त्यांच्या कार्डांवर शेवटी लिहिलेलं असतं, 'सत्तापालट पहा'. म्हणजे घरात थोरला मीच. क्रांतीताईनं मात्र वेगळा संसार थाटलाय, तिचा तोराच निराळा. बाई म्हणायच्या, "जिंकलं की क्रांती, हरलं की बंड. आपण दोघांचंही खरं लिहायचं."

खणात माझ्या अलीकडे सत्ताधारी आणि पलीकडे सत्तारूढ. दोघंही स्वतःवर भारी खूश. मधे मी बसलेला त्यांना कधीच आवडला नाही.

आणि एका मंगळवारी सकाळी रेडिओवर बातम्यांऐवजी नुसता बँड वाजत राहिला. कचेरीसमोरच्या चौकात रणगाडा येऊन उभा. दुपारी निवेदक म्हणाला, देशाची जबाबदारी सैन्यानं स्वीकारली आहे. आमच्याकडे मुद्रितं तपासणारे चष्मेकाका उघडलेला डबा तसाच झाकून बसले. बाई खिडकीपर्यंत गेल्या, बघून आल्या आणि 'प'चा खण उघडून कामाला लागल्या.

आठवड्याभरात नव्या सरकारचे एक साहेब आले. बोलायला अगदी गोड. कोशाची नवी आवृत्ती छपाईला जायची होती, हे त्यांना ठाऊक होतं. मला खणातून काढायला लावून त्यांनी वाचलं.

"मॅडम, हा अर्थ जुना झाला. असं लिहा, जनतेच्या इच्छेने झालेला शांततापूर्ण बदल."

"लिहिते की," बाई म्हणाल्या. "या अर्थानं कोणी वापरलेली तीन वाक्यं द्या. तारखेसकट."

साहेबांनी मला टेबलावर पालथं टाकलं. "मग शब्दच काढून टाका."

"लेखी द्या."

त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं, 'सत्तापालट हा शब्द वगळावा.' बाईंवर भरवसा नसावा, म्हणून खाली जोडलं, 'इतर मजकुरात कोणताही बदल करू नये.'

बाईंनी मला उचललं. मला वाटलं, आता फाडतात. जिच्या अक्षरात आयुष्य काढलं, तिच्याच हातून जायचं. पण त्यांनी माझ्या जागी नियमाप्रमाणे पिवळी चिठ्ठी लावली, कारण आणि सही घालून. मला 'विचाराधीन' असं लिहिलेल्या तळच्या खणात ठेवलं.

साहेब गेल्यावर काका हळूच म्हणाले, "बाई, बंड, उठाव, सगळ्यांवर 'सत्तापालट पहा' आहे. शब्द वगळला की तेही बदलायचे असतात."

"हुकूम वाचा."

काकांनी चष्मा वर सरकवून दोनदा वाचला. "इतर मजकुरात कोणताही बदल करू नये."

"मग हुकमाबाहेर जायचं का आपण?"

"नोकरी जाईल, बाई. निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमच्या."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मुद्रितं आणा."

छपाईआधी साहेबांनी 'स' उघडून पाहिला. सत्ताधारी आणि सत्तारूढ खांद्याला खांदा लावून बसले होते. साहेबांनी खुशीत सही ठोकली. 'ब' कशाला उघडतायत ते?

कोश घराघरांत, शाळाशाळांत गेला. लोक 'बंड' बघायचे, तिथून माझ्याकडे धाडले जायचे आणि माझ्या जागी काहीच नसायचं. माणसांची एक गंमत आहे. हवं ते सापडलं की विसरून जातात, सापडलं नाही की हात धुऊन मागे लागतात. पत्रं येऊ लागली. एका शिक्षिकेनं कळवलं, 'आमच्या प्रतीतून एक शब्द गळला आहे.' एका शिंप्यानं तर अर्थच लिहून पाठवला. बेकरीवाल्या आजींनी लिहिलं, 'सत्तापालट झाला त्या मंगळवारी माझा जावई कामावर गेला, तो अजून आलेला नाही.' खाली तारीख घातली होती.

तीन वाक्यं पुरली असती. आता माझ्या तळच्या खणात पत्रांना जागा उरलेली नाही.

साहेब परत आले तेव्हा गोड बोलले नाहीत. प्रती तोवर इतक्या दूर गेल्या होत्या, की गोळा करणं अशक्य. मला शोधायला त्यांनी 'स'चा खण उपसला, तर हाती पिवळी चिठ्ठी. तिच्यावर त्यांच्याच हुकमाची तारीख. चिठ्ठी तिथेच टाकून त्यांनी बाईंना त्याच दिवशी घरी पाठवलं. जाताना बाईंनी आपला कप धुऊन ठेवला आणि तळच्या खणाची किल्ली काकांच्या हातात दिली. "पत्र आलं की तारीख बघून लावत जा," एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा निरोपही घेता आला नाही, याचं फार वाईट वाटतं.

परवा एक पत्र आलं. अक्षर बघताच मी ओळखलं. पद नाही, कचेरी नाही, नुसता घरचा पत्ता. 'संपादक महोदय, एक वाक्य पाठवते. सत्तापालट झाला त्या दिवशी आम्ही कचेरी वेळेवर उघडली.' खाली तारीख आणि सही. काकांनी ते इतर पत्रांसारखंच तारीख बघून माझ्यामागे लावलं.

माझ्या कडा वाकल्यात, शाई मात्र शाबूत आहे. तुमच्या कोशात 'बंड' उघडा, तिथून मला शोधत या. जागा रिकामी दिसली तर गप्प बसू नका. एक वाक्य लिहा, खरं, तारखेसकट. किल्ली काकांच्या खिशात आहे, आणि सत्ताधारी-सत्तारूढ यांच्यामधे काकांनी ती पिवळी चिठ्ठी पुन्हा लावून ठेवली आहे.