तारेपलीकडची जांभूळ

संगीतानं सासूचा दंड धरून ओढला, पण म्हातारी जागची हलली नाही. दंडावरचे पांढरे चुडे एकमेकांवर खडखडले, एवढंच. समोर चार हातांवर जेसीबीचे दात जमिनीला टेकलेले होते. मशीन बंद होतं, तरी तापलेल्या लोखंडाची धग अंगाला लागत होती.

“ऊठ याडी,” संगीता दबक्या आवाजात म्हणाली. “लोकं पाहून राह्यले.”

‘याडी’, आई, अशी हाक ऐकूनही सासूनं, भागिरथानं, मान वर केली नाही. जांभळीच्या बुंध्याला पाठ टेकून, दोन्ही पाय पसरून ती घरच्या ओट्यावर बसावं तशी बसली होती.

लोकं म्हणजे दोघंच. शेलूबाजारहून मशीन घेऊन आलेला तौकीर खाली उतरून लांब सागाला टेकून उभा होता. वनरक्षक करण इंगोले मात्र जवळच येरझाऱ्या घालत होता.

“अध्यक्षबाई, सकाळपासून हात जोडून राह्यलो मी. या उठत नाईत, बोलत नाईत. कुंपणाची तार ओलांडून आत आल्या. दुसरं कोणी असतं त केस केली असती.”

“मंग आता काहून नाई केली? आमच्या घरचं माणूस हाय म्हणून?”

करणनं टोपी काढून घाम पुसला आणि रस्त्याच्या दिशेनं पाहिलं. “मॅडम निघाल्या मानोऱ्याहून. त्या याच्या आत उठवा यांईले.”

संगीताच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तांड्याच्या पाणी समितीची ती अध्यक्ष. इथल्याच झऱ्यावर अस्वलानं तांड्यातल्या सोमलाच्या बायकोला फाडलं, त्यानंतर वनखातं, पाणीपुरवठा आणि ग्रामपंचायत पहिल्यांदा एका टेबलाशी बसले होते. वनखात्यानं आपल्या जमिनीतून पाइप जाऊ दिला आणि धरणाचं पाणी तांड्याच्या दारात आलं. त्या बदल्यात झरा जनावरांसाठी सोडायचा, तांड्यातल्या कुणी तार ओलांडायची नाही आणि उन्हाळ्यात झरा आटतो म्हणून त्याच्याजवळ पाणवठा खणायचा, असं ठरलं. घरोघरी फिरून लोकांकडून ते कबूल करून घेतलं संगीतानंच. नवरा अमरसिंग कोयता घेऊन ऊसतोडीला एकटा गेला, ती या कामासाठी मागं राहिली. मोहफुलं वेचायला दोन दिवस तारेच्या आत जाऊ दे म्हणून सोमला स्वतः दारात आला होता. बायको गेलेल्या त्या माणसाला तिनं तोंडावर नाही म्हटलं होतं.

आणि दिवाळीपासून अंगणात नळ असताना तिचीच सासू घागर घेऊन चोरून जंगलात येत होती. नळाचं पाणी गोड लागत नाही, म्हणायची. संगीताला तो आपला अपमान वाटायचा. तिनं केलेल्या कामावर म्हातारी दररोज थुंकते आहे, असं वाटायचं.

ती खाली बसली. सासूच्या चेहऱ्याजवळ तोंड नेऊन म्हणाली, “काय पायजे तुले? माह्यी इज्जत घालवाची हाय का? ही जागा मी दाखोली त्यांईले. मी!”

ते खरंच होतं. मागच्या आठवड्यात सगळे खातेवाले मिळून जागा पाहायला आले, तेव्हा इंजिनिअरनं विचारलं होतं, ओल कुठं असेल? आजूबाजूचा साग पार निष्पर्ण झालेला. पळसावर फुलं तेवढी. त्या सगळ्या वाळल्या उतारावर एकटी जांभूळ गर्द हिरवी उभी होती. संगीता पुढं होऊन म्हणाली होती, “इथी खणा. खाली पाणी असल्याबिगर झाड असं राह्यते का?” इंजिनिअर तिच्याकडे पाहून हसला होता आणि करणनं तिथंच चुन्याचा गोल मारला होता. त्या दिवशी घरी जाताना तिची पावलं हलकी पडत होती.

भागिरथानं आता पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं. मग त्या दोन पुरुषांकडे. आणि त्यांना कळू नये म्हणून ती गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, बोलली, इतक्या हळू, की संगीताला कान पुढं करावा लागला.

“तुही पोरगी हाय इथी.”

संगीताला आधी वाक्याचा अर्थच लागला नाही. मुलगा तर शाळेत गेला होता. मुलगी तिला नव्हतीच. म्हणजे होती, ती दोन दिवसांची.

नऊ वर्षं झाली. वाशीमच्या दवाखान्यात संगीता खाटेवर बेशुद्ध पडली होती, वरून रक्ताची बाटली चालू होती, तेव्हा ती पोर गेली. सासरे बाबूलाल आणि भागिरथा तिला फडक्यात गुंडाळून जीपनं तांड्यावर घेऊन आले. महिनाभरानं संगीता घरी आली, तेव्हा तिला सांगितलं गेलं की आपल्याच शेतात, नाल्याच्या काठी पुरलं. त्याच श्रावणात नाल्याला पूर आला आणि काठ वाहून गेला. ढासळलेली ती दरड संगीता एकदा पाहून आली होती. त्यानंतर शेताच्या त्या कोपऱ्याला ती निंदायलासुद्धा जात नसे.

“नाल्यावर नोती?”

“नाई. शेतातली माती भुसभुशीत. कोल्हे उकरतीन म्हणे तुहा सासरा. इथी गोटे रचता आले. ही जांभूळ तवा गुडघ्याएवढी होती.”

“मंग मले काहून नाई सांगतलं?” संगीताचा आवाज एकदम चढला. करण थबकला. तिनं परत आवाज उतरवला. “नऊ वर्सं, याडी. काहून नाई सांगतलं?”

भागिरथानं हातानं समोरची पायवाट दाखवली. झऱ्याकडून येऊन जांभळीला वळसा घालून तारेकडे जाणारी. पायांनी घासून पांढरी पडलेली, आता तिच्यावर गवत फुटू लागलेलं.

“तू रोज इथूनच पाणी नेत होती ना माय. दिवसातून चार खेपा. तांड्याले दुसरं पाणीच कुठी होतं? सांगतलं असतं त भरला हंडा डोक्शावर घेऊन तू पाय कुठी ठेवला असता?”

याच सावलीत संगीता हंडा उतरवून दम खात असे. इथंच बायकांशी हसली-खिदळली होती, नवऱ्याच्या कागाळ्या केल्या होत्या, ओटीत जांभळं भरून मुलाला नेली होती. आणि म्हातारी दर वेळी घागर डोक्यावर घेण्याआधी थोडं पाणी बुंध्याशी ओतायची. भरली घागर उचलवत नाही, वय झालं, असं संगीता समजायची. एकदा तर बोललीही होती, एवढ्या लांब येऊन पाणी सांडतेस कशाला.

संगीताचा स्वतःचा एक पाय चुन्याच्या गोलात पसरलेला होता. तिनं तो हळूच आखडून घेतला.

गाडीचा आवाज आला. तारेपाशी जीप थांबली. रेंज ऑफिसच्या उज्ज्वला मॅडम आणि त्यांच्यामागून पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर पायवाटेनं चालत येऊ लागले. संगीता उठली, पदर सारखा केला आणि सासूला ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर त्यांना आडवी गेली.

“मॅडम, खड्डा सरकवा लागते.”

“का बरं? जागा तर तुम्हीच दाखवली होती.”

“खाली गोटा हाय.”

“अजून मशीन लागलं नाही तिथं,” इंजिनिअर म्हणाले. “गोटा आहे हे कसं कळलं?”

संगीताला खोटं बोलायची सवय नव्हती, समितीत आल्यापासून गेल्या दोन वर्षांत तर नव्हतीच. शेवटी तिनं जमिनीकडे पाहत सांगून टाकलं. सांगायला फार शब्द लागले नाहीत.

इंजिनिअर आपल्या बुटांकडे पाहू लागले. करण मॅडमना भेटायला पुढं आला होता, त्याच्याही कानावर ते पडलं. त्यानं मागं वळून जांभळीकडे पाहिलं आणि टोपी घालायची ती हातातच धरली.

उज्ज्वला मॅडमनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, “हे मी कागदावर घेत नाही. वनजमिनीत पुरलंय असं लिहिलं की वरून चौकशी येईल, आणि मग कोण काय उकरायला लावेल सांगता येत नाही.” त्या इंजिनिअरकडे वळल्या. “वरच्या अंगाला घेता येईल? त्या चढावर?”

“तिथं खडक आहे, मॅडम. पाणी लागायचं नाही. हौद बांधावा लागेल आणि बाहेरून भरावा लागेल.”

“टँकर इथवर येणार नाही.”

“तांड्याची लाइन तारेजवळूनच गेलीय. तिच्यावरून जोडणी देता येईल. पाणी सोडायची चावी तारेबाहेर बसवू, म्हणजे आत यायचं काम नाही. पण ते पाणी तांड्याच्या वाट्याचं आहे. समितीनं द्यायला पाहिजे.”

दोघांनी संगीताकडे पाहिलं.

“देतो,” ती म्हणाली. “माह्या घरचा नळ बंद ठेवा, पण देतो.”

“नळ बंद नाही ठेवावा लागत,” इंजिनिअर पुटपुटले.

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला, आणि मग नुसताच खाली घेतला. “झाडाला कुणी हात लावणार नाही, माझा शब्द. पण ताई, इथं यायचं नाही. तुम्ही नाही, आजीही नाही. आज तुम्हाला येऊ दिलं तर उद्या सोमलाला कोणत्या तोंडानं अडवू?”

“मालूम हाय,” संगीता म्हणाली. “सगळ्याईले मीच सांगतलं हाय ते.”

तिनं परत जाऊन सासूला हात दिला. या वेळी भागिरथा उठली. करणनं जाऊन दोन शब्द सांगितले तेव्हा तौकीरनं मशीन चालू केलं, पण समोरून न आणता उलटं घेतलं आणि खालून, झुडपांमधून, मोठा वळसा घालून चढावर नेलं. जाताना एकदा त्यानं खिडकीतून मागच्या चाकाकडे वाकून पाहिलं.

तारेपाशी करणनं मधली तार हातानं वर उचलून धरली. आधी म्हातारी बाहेर आली, मग संगीता. पळसाखालच्या वाटेनं दोघी चालल्या. तांड्याची घरं दिसू लागली तेव्हा संगीतानं विचारलं,

“तू तिथी बसायची तवा तिले काय म्हणत होती? काय नाव घेत होती?”

“नाव मी कायले ठेवू?” भागिरथा म्हणाली. “ते तुह्यं काम होतं.”

पुढं म्हातारी नळाचं पाणी प्यायला लागली. घागर तिनं घराच्या मागं पालथी घातली. कधी कधी दुपारी उठून ती तारेपर्यंत जाई आणि सावली नसली तरी तिथं बसून येई. करण तिला पाहून गाडी हळू करी आणि पुढं निघून जाई.

अमरसिंग ऊसतोडीहून परतला तेव्हा चैत्र अर्धा सरला होता. काटकुळा झाला होता, हाताच्या भेगा काळ्या पडल्या होत्या. अंगणात नळ पाहून त्याला फार कौतुक वाटलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तोटी फिरवून दाखवू लागला. पोर कुठं पुरली हे त्यालाही नऊ वर्षं ठाऊक असणार, हे संगीताला कळत होतं, आणि कसं विचारावं ते कळत नव्हतं.

एका सकाळी ती पाणवठा भरायला निघाली, तर तोही मागोमाग आला. “पोरं हायेत ना समितीत. तू कायले जाते इतक्या लांब?”

ती चालत राहिली. तारेबाहेर सिमेंटच्या छोट्या खड्ड्यात चावी बसवली होती. तिनं वाकून ती दोन्ही हातांनी फिरवली. चढावरच्या हौदात पाणी पडल्याचा आवाज आला. दोघं तारेला धरून उभे राहिले. रोह्यांचे, नीलगाईंचे, खूर हौदाभोवतीच्या मातीत उमटले होते. पाणी काठाला आलं, मग काठावरून सांडलं आणि उताराची वाट धरून वाळल्या पानांखालून खाली सरकू लागलं.

“भरलं,” अमरसिंग म्हणाला. “वाया चाललं पाणी.” आणि चावी बंद करायला तो वाकला.

संगीतानं त्याच्या हातावर हात ठेवला.

“राहू दे. अजून पोचलं नाई.”

“कुठी?”

तिनं उतारावरून नजर काढली नाही. अमरसिंगनं तिच्या नजरेच्या दिशेनं पाहिलं. पाणी पानं उचलत, वाकडंतिकडं, जांभळीच्या दिशेनं चाललं होतं. तो तसाच वाकलेला राहिला. मग त्यानं चावीवरचा हात काढून घेतला आणि तिच्या शेजारी खाली मातीत बसला.