बोक्या कुणाकडे बघतो

बोक्या हा कुत्रा होता. कुत्र्याचं नाव बोक्या ठेवायचा आचरटपणा धाकटीचा. बाकी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला, उठबस शिकवली, ते सगळं ताईनं. कुत्र्यांना शिकवणं हाच तिचा धंदा. नोकरी सुटल्यावर धाकटी तिच्याकडे राहायला आली होती.

प्राण्यांच्या नजरेचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी बोक्याला चाचणीसाठी बोलावलं. जाळीच्या डब्यात मांसाचा तुकडा, झाकण घट्ट बंद. आपल्याला जमत नाही असं दिसलं की कुत्रा मदतीसाठी माणसाकडे बघतो. कुणाकडे, ते कॅमेरा टिपणार. दोघी बहिणी दोन खुर्च्यांवर बसल्या. बोलायचं नाही, हलायचं नाही.

बोक्यानं डबा चाटला, ओरबाडला, लोटून पाहिला. मग मान वळवून धाकटीकडे बघितलं. पुन्हा डबा. पुन्हा धाकटी.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीत बसल्या बसल्या तिनं तोंड सोडलं. "चोरून खायला घालतेस त्याला!"

"शप्पथ नाही गं."

"मग बरा तुझ्याकडे बघतो? पहिल्यापासून हेच. आईसुद्धा बोलायची माझ्याशी आणि बघायची तुझ्याकडे."

"मी बोक्याकडे बघत होते, ताई. म्हणून त्यानं बघितलं. तू सगळा वेळ माझ्याकडे बघत होतीस."

दुसऱ्या दिवशी ताईनं हट्टानं चाचणी पुन्हा करायला लावली. धाकटीला बाहेर बसवलं आणि स्वतः बोक्यावरून नजर हलू दिली नाही. बोक्या डब्याशी झटला, थकला आणि बंद दाराकडे बघत बसला. ताईकडे वळला, तेही क्षणभरच. परत दार.

नियम गेला खड्ड्यात, म्हणत ताई उठली आणि तिनं दार उघडलं. "ये बाई आत. तूच हवी आहेस त्याला."

धाकटीनं घाईघाईनं तोंड पुसलं, पण लाल झालेले डोळे लपले नाहीत. ती आल्यापासून ताईनं तिच्या चेहऱ्याकडे असं निरखून बघितलंच नव्हतं.

"कधीपासून रडतेयस?"

"रोजच गं. बोक्या येऊन बसतो शेजारी."

बोक्या शेपूट हलवत धाकटीलाच बिलगला. ताईला ते झोंबलंच. तरी तिनं धाकटीच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. खुर्ची ओढली आणि बहिणीसमोर बसली.