बॉनेटखालचं तीर्थ

उद्धव गुरुजींनी गाडी विकायची ठरवून टाकली होती. सकाळची पूजा आटोपून ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि भाजी काय आणू असं विचारावं तितक्या सहज म्हणाले, "अकरा वाजता गोवर्धन येऊन राहिला अंजनगावहून. गाडी घेऊन जाईल."

ताराबाईंनी पोह्यांखालचा गॅस बंद केला. "मला न विचारता?"

"तीन आठवडे झाले, रोज ढकलावी लागते. वय झालं तिचं." मग चष्मा पुसत त्यांनी पुढचं वाक्य टाकलं, "आणि तुझंही झालंच की. बासष्टाव्या वर्षी कशाला हवं ते स्टिअरिंग?"

हे मात्र ताराबाईंना फार लागलं. अकोल्यातल्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि त्याच महिन्यात गाडी शिकल्या. मुलगा अद्वैत पुण्याला गेल्यापासून गुरुजींना लग्नामुंजींना नेणं-आणणं त्यांच्याच हातात होतं. गुरुजी दर्भाची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसत आणि समोर म्हैस दिसायच्या आधीच "ब्रेक, ब्रेक" म्हणून ओरडत. ते सगळं सोसूनही ताराबाईंना गाडी हवी होती. मनात आलं की किल्ली उचलायची आणि बडनेऱ्याला बहिणीकडे निघायचं, कुणाला विचारायचं नाही, हे सुख त्यांना उशिरा मिळालं होतं. ते सोडून पुन्हा फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभं राहायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

"अकरा वाजता ना? आता नऊ वाजलेत," त्या म्हणाल्या. "या बाहेर."

शाळेत त्यांचा तास पस्तीस मिनिटांचा असे. इथे घड्याळाचे दोन तास हाताशी होते, आणि तेवढ्यात त्यांनी अख्खा विद्युतप्रवाह शिकवला असता.

दुखणं असं होतं. चावी फिरवली की 'टिक', तेही एकदाच, आणि पुढे काही नाही. पहिल्या मेकॅनिकनं बॅटरी नवी बसवली, दुसऱ्यानं स्टार्टर बदलला, पण टिक काही गेली नाही.

"पुढे उभे राहा आणि दिव्यांकडे बघा," ताराबाईंनी फर्मावलं आणि हेडलाइट लावून चावी फिरवली. टिक. "मंद झाले?"

"नाही. लख्ख आहेत."

"म्हणजे बॅटरीत दम आहे. ढकलली की सुरू होते, म्हणजे इंजिन ठणठणीत. स्टार्टर तर नवाच." त्या खाली उतरल्या, पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. "करंटला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते. जायची वाट दोघांनीही बघितली, परतीची कुणी बघितली नाही."

आठवीतल्या निम्म्या मुली बल्बला एकच तार जोडायच्या आणि "मॅडम, पेटत नाही" म्हणून रडकुंडीला यायच्या. ते दोन्ही मेकॅनिक ताराबाईंना आता त्याच बाकावर बसलेले दिसू लागले.

डिकीत अद्वैतनं ठेवून दिलेल्या चिमट्यांच्या जाड तारा होत्या. त्यातल्या एका तारेचं एक टोक त्यांनी बॅटरीच्या ऋण बाजूला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. "बसा आत. चावी फिरवा."

"मी?" गुरुजी जन्मात त्या सीटवर बसले नव्हते.

"न्यूट्रलमध्ये आहे, पळणार नाही. फिरवा."

गुरुजींनी गणपतीचं नाव घेतलं आणि डोळे मिटून चावी फिरवली. गाडी एका दमात सुरू झाली. चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

आता दोष कुठे आहे ते उघड होतं. गाडी बंद करून ताराबाईंनी बॅटरीची तार सोडवली आणि टॉर्च घेऊन खाली वाकल्या. इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत तांब्याची एक विणलेली पट्टी गेलेली होती. तिच्या दोन्ही टोकांवर हिरवा कळंक चढला होता. शेजारच्या खाचेत कुंकवाची खपली, चार वाळक्या अक्षता आणि नारळाची शेंडी.

"अहो, जरा इकडे बघा."

गुरुजींनी वाकून पाहिलं आणि ओळखलं. इतर लोक दसऱ्याला बॉनेटवर स्वस्तिक काढतात आणि चाकापाशी नारळ फोडतात. गुरुजींना ती चुकारपणाची पूजा वाटे. शक्ती आत आहे, तर पत्र्याला काय ओवाळायचं? म्हणून ते बॉनेट उघडून, मंत्र म्हणत, अख्ख्या नारळाचं पाणी इंजिनावर सोडत. दसऱ्याला एकदा, पाडव्याला एकदा, अशी सलग चौदा वर्षं.

"नारळाच्या पाण्यानं कुठं गाडी बंद पडते?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"तांब्याची पळी न पुसता ठेवली तर तुम्हीच मला ओरडता ना?"

ताराबाईंनी पान्यानं पट्टी सोडवली, पॉलिश पेपरनं टोकं लालबुंद होईपर्यंत घासली, पुसून पुन्हा घट्ट आवळली आणि बॅटरीची तार जोडली. चिमटे न लावता चावी फिरवली आणि गाडी लागलीच सुरू झाली.

गोवर्धन एसटीनं आला. फुलशेती करणारा, गुरुजींचा जुना यजमान. गाडीचा आवाज ऐकून तो फाटकातच थबकला. "गुरुजी, हे तं चालू हाय! मंग इकता काहून?"

"स्वतःची गाडी असताना एसटीनं कसा? तिला काय झालं रे?" ताराबाईंनी विचारलं.

"काय सांगू काकू! चावी फिरवली का नुसती टिक करते. पोरायनं ढकलली का चालू होते. कटाळलो, म्हनलं दुसरीच घेऊ."

"तुझ्या गाडीची पूजा कोण करतं?"

"गुरुजीच करतात नं. धा दसरे झाले. बॉनेट उघडून, आख्खा नारळ."

ताराबाईंनी नुसतं गुरुजींकडे पाहिलं. उत्तर मुलीच्या ओठांवर आलं असेल तेव्हा बाईंनी बोलायचं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गुरुजींनी उपरणं सारखं केलं. "गोवर्धन, तुझी गाडी मी बिघडवली. माझीही मीच. विकायची नाही कुठलीच." मग ताराबाईंकडे वळून, यजमानासमोरच म्हणाले, "वयाचं बोललो ते चुकलं माझं."

ते आत गेले. पिशवीतला दर्भ काढून ठेवला आणि तिच्यात पाना आणि पॉलिश पेपर घातला. ती पिशवी मांडीवर घेऊन ते नेहमीच्या जागी बसले. गोवर्धन मागे बसला आणि ताराबाईंनी त्याची गाडी दुरुस्त करायला अंजनगावचा रस्ता धरला. अकोट येईपर्यंत रस्त्यात तीन म्हशी आडव्या आल्या, तरी गुरुजी ब्रेक म्हणाले नाहीत. ते यजमानांची डायरी उघडून फोन लावत होते.

"नमस्कार खुशालराव. तुमची गाडी सकाळी नुसती टिक करते का हो? करते? काही घाबरू नका, उद्या आम्ही दोघं येतो. नाही नाही, ड्रायव्हर नका पाठवू. गाडी ही चालवते."