आखाजीला गेट बंद

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशातली सून माहेरी जाते. वर्षभर राबल्यावर चार दिवस तिनं झोक्यावर बसायचं आणि आईनं हातात ताट द्यायचं. तिला न्यायला येणाऱ्या भावाला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी आल्याशिवाय सून उंबरा ओलांडत नाही. सुरतेच्या डिंडोली भागात अर्धं आयुष्य गेलं, तरी धुरपदाबाईंनी या नियमाला शहराचा वारा लागू दिला नव्हता.

त्यांची सून वर्षा. गेल्या साली कोरोनानं तिची आखाजी गिळली. यंदा बॅग भरून झाली, तोच पुन्हा निर्बंध आले. रात्रीची संचारबंदी, बागा बंद आणि गुजरातच्या सीमेवर तपासणीचा कागद. अमळनेरहून निघालेला तिचा भाऊ ललित नवापूरच्या नाक्यावरूनच परत फिरला. वर्षा सासूला म्हणाली, मीच तपासणी करून एकटी जाते.

"मुऱ्हाई नई ते जानं नई," धुरपदाबाई कडाडल्या. "लोके मरी राहिनात नि तुले झोके सुचतस?"

नवरा वाल्मिक नेहमीसारखा टीव्हीकडे वळला. वर्षानं बॅग रिकामी केली. तेही तिनं गिळलं असतं, पण संध्याकाळी सासूनं फर्मान सोडलं. "उद्या सोनाली येवाव शे. वाल्मिक लेवाले जाई. तू सांजोऱ्या कर, नि गॅलरीम्हा झोका बांध."

सोनाली ही धाकटी नणंद, सुरतेजवळच कामरेजला दिलेली. तिच्या वाटेत ना सीमा, ना नाका. मोठा शहाणा हा कोरोना, लेकीला सोडतो आणि सुनेला बरोबर धरतो! वर्षाच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं झोका बांधला आणि मोरीत जाऊन सोसायटीचे प्रमुख पांडुरंगआप्पा यांना फोन लावला.

"आप्पा, कामरेजला घरोघरी पेशंट आहेत म्हणे. आमच्याकडे तिकडून पाहुणे येताहेत. म्हटलं, कानावर घालावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर आरडाओरडा सुरू झाला. वर्षा गॅलरीत आली. वॉचमननं वाल्मिकची मोटरसायकल अडवली होती. मागे सोनाली होती, मांडीवर आंब्यांची पिशवी घेऊन. आप्पा तोंडाला रुमाल बांधून हात नाचवत होते, "बाहेरच्यांना एन्ट्री नथी!" धुरपदाबाई अनवाणी खाली धावल्या आणि त्यांनी आप्पांना शिव्यांची लाखोली वाहिली.

सोनाली रडकुंडीला आली. "आप्पा, परत कशी जाऊ? सासूनं सांगेल शे, गई ते पंधरा दिन दार उघडाव नई." मग तिनं वर पाहिलं. "वहिनी, तू तरी सांग ना यास्ले!"

 एवढं काही वर्षाला नको होतं. येऊ द्या तिला, असं म्हणायला तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात आप्पांनी मोठ्या कौतुकानं वर बोट दाखवलं.

"मला कशाला शिव्या देता? तुमच्या सूनबाईनं कळवलं म्हणून बिल्डिंग वाचली. ग्रुपवर सगळ्यांनी आभार मानलेत तिचे."

खाली सगळ्यांच्या माना वर वळल्या.  वर्षानं कठडा घट्ट धरला. सोनालीकडे पाहून तिला वाईट वाटत होतं, पण दोन वर्षांचा राग त्याहून मोठा होता.

"मनी आखाजी बुडनी," ती ओरडली, "तिनी बी बुडू द्या!"

सोनालीनं डोळे पुसले. वाल्मिकनं गाडी फिरवली. कुठं जायचं हे तिनं भावाला सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.