म्हसोबाची खोळ

सामान टेंपोत चढत होतं त्या सकाळी बांधावरच्या म्हसोबाची खोळ पडली. वर्षानुवर्षं चढवलेल्या शेंदराचं जाड कवच सुटलं आणि दोन तुकडे होऊन बाभळीखाली पडलं.

"त्योबी निघाला म्हणायचा," सोपानआबा म्हणाले.

चाकणजवळच्या त्या वस्तीवर आबांनी सगळ्यांत शेवटी जमीन विकली होती. बाकीची घरं केव्हाच रिकामी झाली होती. तिन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती आल्या होत्या आणि आबांना बोलायला म्हसोबाच उरला होता. पाऊस लांबला, बैल विकला, बायको गेली, सगळं त्यांनी त्यालाच सांगितलं होतं. पण शेतातला देव पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये न्यायचा नसतो. म्हणून त्याला खोळीसकट भामा नदीत सोडायचं ठरलं.

घमेलं धरायला त्यांची नात तनुजा पुढे झाली आणि थबकली. खोळीतून उघडा पडलेला दगड चांगला वीतभर लांब होता. पोळ्यांची चवड उभी ठेवावी तसे त्याला थर होते. सहलीला गेली असताना पुण्याच्या एका कॉलेजच्या संग्रहालयात तिने अगदी असाच दगड काचेमागे पाहिला होता.

सांगितलं तर आबांचा देव जाणार होता. नाही सांगितलं तर हा गाळात जाणार, मग तिथून त्याला कोण काढणार?

घमेलं धरून ती आबांबरोबर नदीपर्यंत गेली. आबा गुडघाभर पाण्यात उतरले. त्यांनी खोळ सोडली, पाणी थोडा वेळ लाल झालं. मग त्यांनी दगड उचलला.

"आबा, तो दगड नाही. दाढ आहे, हत्तीची."

"आपल्याकडं कवा आलते हत्ती?"

"फार पूर्वी. माणसं शेती करायला लागायच्याही आधी. आताच्या हत्तींपेक्षा मोठे होते. हे थर बघा ना, गवत दळायला."

आबांनी थरांवरून अंगठा फिरवला. "माझ्या बापाला ह्यो ह्याच काठाला घावला. येडा म्हातारा. जल्मभर दातापुढं नारळ फोडले की."

ते हसले. तनुजाला हसू आलं नाही.

"आता कुठं असत्यात ते हत्ती?"

"कुठंच नाहीत. संपले."

"येकबी न्हाई?"

"एकपण नाही."

पलीकडच्या रस्त्यावरून शिफ्टच्या बस भरून चालल्या होत्या. त्या दिसेनाशा होईपर्यंत आबा पाण्यात तसेच उभे राहिले.

"मग ह्याला पुन्हा एकटा कशाला सोडू," ते म्हणाले, आणि त्यांनी दाढ उपरण्यात गुंडाळली.

सातव्या मजल्यावर दाढ गॅलरीत ठेवली. सुट्टीत ती कॉलेजात दाखवायला न्यायची, असं तनुजा म्हणायची. आबा "बघू" म्हणायचे. हात जोडणं त्यांनी सोडलं होतं. रोज सकाळी खुर्ची ओढून ते दाढेशेजारी बसत, पण तिच्याशी काय बोलावं ते त्यांना सुचत नसे.

एके सकाळी वॉचमनचा इंटरकॉम आला. "ताई, आजोबांना सांगा, लॉनवरचं गवत उपटू नका. सेक्रेटरी मला बोलतात."

तनुजा गॅलरीशी गेली. दाढेपुढे ओल्या गवताची नीट बांधलेली जुडी होती.

"इथं पाऊस कळत न्हाई बघ," आबा हळू आवाजात सांगत होते. "काचा लावून घेत्यात समदे."

ती दारातच थांबली.