तारीख नसलेले रक्तदाते

सकाळी ती कामावर निघाली, तेवढ्यात नणंदेने टोमणा मारला. "वहिनी, तुमच्या रक्तपेढीला माझं रक्त चालत नाही का गं? दोन वर्षं झाली वेबसाइटवर फॉर्म भरून. ओ निगेटिव्ह म्हणून केवढं कौतुक केलं होतंस! एक फोन नाही कुणाचा."

"गरज पडली नसेल," ती चपला घालत म्हणाली, पण रस्ताभर तिला तिचंच बोलणं टोचत राहिलं. गेल्या महिन्यात दोनदा ओ निगेटिव्ह रक्त दुसऱ्या शहरातून गाडी पाठवून आणावं लागलं होतं. गरज कशी पडली नसेल?

रक्तपेढीत तिला सगळे कॉम्प्युटरताई म्हणत. शीतपेट्यांच्या मागच्या अरुंद खोलीत तिचं टेबल होतं आणि तिच्या गळ्यात पर्ल या संगणकभाषेतला एक जुना प्रोग्राम बांधलेला होता. तो लिहिणारे मास्तर कधीच निवृत्त झाले होते. डेटाबेसला थेट प्रश्न विचारायचा नाही, हा त्यांचा नियम. मधे एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, बसवलेली. आपण महिरपी कंसात अटींच्या जोड्या लिहून द्यायच्या, गट अमुक, वय तमुक, आणि त्यावरून एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसला कळेल असा प्रश्न, लायब्ररीने तयार करायची. हाताने लिहिलेली क्वेरी प्रोग्रामात घालायला गेलं की मास्तरांनी लावून ठेवलेल्या तपासणीतच अडकायची.

तिने लायब्ररीने तयार केलेली क्वेरी काढून वाचली. गट ओ निगेटिव्ह. शेवटचं रक्तदान तीन महिन्यांहून जुनं. दोन्ही अटी बरोबर. यादीत चौदा नावं, नणंदेचं नाही.

मग तिने कपाळावर हात मारला. नणंदेने रक्त कधी दिलंच नव्हतं, तेव्हा तिच्या नावापुढे तारखेचा रकाना रिकामा. रिकामी तारीख तीन महिन्यांपेक्षा जुनी आहे का, असं विचारलं की डेटाबेस म्हणणार, माहीत नाही. आणि ज्याचं माहीत नाही, त्याला यादीत जागा नाही.

"एवढंच ना," असं म्हणून तिने त्या अटीखाली आणखी एक ओळ लिहिली: तारीख रिकामी असली तरी चालेल. यादी सदतीसवर गेली आणि तिला हुश्श झालं. नीट पाहिलं तर आधीचे चौदाच्या चौदा गायब! पर्लच्या त्या महिरपी कंसात एका नावाची एकच जोडी राहते. दुसरी लिहिली की ती पहिलीला गुपचूप गिळते. चूक दाखवणं नाही, हाक नाही, बोंब नाही.

"निदान ओरड तरी!" ती पडद्यावर खेकसली.

मग तिने अख्खा महिरपी कंस काढून चौकोनी घातला. चौकोनी कंसात अटींपैकी एकही जुळली तरी चालते, हे तिने कुठेतरी वाचलं होतं. घाईत तिने चाचणी न करता यादी थेट फोनच्या खोलीत पाठवली. दहाच मिनिटांत दात्यांना फोन करणाऱ्या मावशी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून दारात उभ्या.

"ताई, ही दात्यांची यादी आहे की मतदारांची? छपाई थांबायचं नाव घेत नाहीये."

तिने पाहिलं. चार हजारांवर नावं, सगळ्या गटांची. गट जुळला तरी चालेल, नाही तर नुसती तारीख जुळली तरी चालेल! आगीतून फुफाट्यात.

"एकाला फोनही करून बसले मी," मावशी म्हणाल्या. "ए पॉझिटिव्ह निघाला. माझा गट रातोरात बदलला का, असं मलाच विचारतोय."

"फेका ते कागद, मावशी."

"फेकू कुठे? पाठकोरे आहेत, वापरीन की."

मावशी गेल्या आणि तिने रागारागाने साधी क्वेरी हाताने लिहिली. एका मिनिटात एक्कावन्न नावं आली, चौदा जुनी आणि सदतीस नवी. आठवं नाव नणंदेचं. उत्तर समोर होतं आणि ते प्रोग्रामात घालता येत नव्हतं. तिने मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, तुमच्या या लायब्ररीने माझा जीव खाल्लाय. साधं 'किंवा' म्हणायचं तर नाकी नऊ येतात!"

"काय लिहिलंस ते वाच," मास्तर शांतपणे म्हणाले. तिने वाचलं.

"बाहेरचा कंस महिरपीच ठेव. चौकोनी कंस फक्त तारखेसमोर घाल, आत दोन पर्याय, रिकामी किंवा जुनी. घरातला एक दरवाजा बदलायचाय तर तू भिंतीच पाडतेयस."

तिने तसं केलं. एक्कावन्न. तपासणीही पार. तरी तिचा राग ओसरला नव्हता. "पण हे तुम्ही पहिल्यापासूनच का नाही केलंत? रिकाम्या तारखा तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"रिकामी तारीख आली कुठून?" मास्तरांना खरंच नवल वाटलं. "आमच्याकडे आधी रक्त द्यायचं आणि मग फॉर्म भरायचा. तारखेशिवाय दाताच नव्हता."

वेबसाइटवरचा फॉर्म तीन वर्षांपूर्वी तिनेच बनवला होता. घरबसल्या नाव नोंदवा, आम्ही फोन करू, हे वाक्यही तिचंच.

"हॅलो? आहेस का?"

"आहे, मास्तर. मी तुम्हाला उगाच बोलले."

"बोल की. इथे मला कोण बोलतंय?"

मुख्य डॉक्टर त्यांच्या खोलीत अहवाल वाचत होत्या. तिने उभ्यानेच सगळं सांगितलं, स्वतःच्या फॉर्मसकट.

"तीन वर्षं?" डॉक्टरांनी चष्मा काढला. "गेल्या महिन्यात त्या बाळंतिणीसाठी आपण चार तास गाडीची वाट पाहिली. आठवतंय?"

"हो. वाचली ना ती?"

"वाचली. नसती वाचली, तर मी आज तुला काय म्हणाले असते, ते मलाच माहीत नाही." डॉक्टर आवाज चढवत नव्हत्या, हेच तिला जास्त लागलं. "बाकीच्या गटांचंही तसंच असणार. त्या याद्या उद्या काढ. आज हे सदतीस फोन तू स्वतः कर."

तिने आयुष्यात एकाही दात्याला फोन केला नव्हता. मावशींनी शेजारी खुर्ची ओढून दिली. नऊ क्रमांक बंदच होते. चौघे गाव सोडून गेलेले. एका बाईंना आता औषधं चालू होती, रक्त देता येणार नव्हतं. "वर्षभर वाट पाहिली मी, फोन जवळ घेऊन हिंडायचे," त्या म्हणाल्या. एक निवृत्त शिक्षक पाच मिनिटं बोलले, नुसते बोलले. तिने मधे तोंड घातलं नाही.

"तुमच्या कॉम्प्युटरचा घोळ म्हणायचा हा!" ते शेवटी म्हणाले.

"नाही सर," ती म्हणाली. "माझा."

"बरं. उद्या दहाला येतो," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मावशींनी त्यांच्या नावापुढे खूण केली आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.